शिडीवर पाय ठेवण्याआधी

मेमोरियल डे किंवा लेबर डेचा लाँग वीकएंड आला, की आपल्या मंडळातली चार-पाच कुटुंबं मिळून कुठेतरी जायला निघतातच. कूलरमध्ये पुलाव आणि ठेपले, मागच्या सीटवर मुलं, आणि भारतातून आलेले आजी-आजोबा. केंटकीतली मॅमथ केव्ह आणि न्यू मेक्सिकोतली कार्ल्सबॅड कॅव्हर्न्स ही अशा सहलींची आवडती ठिकाणं. परत आल्यावर फोटो दाखवले जातात ते छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या झुंबरांचे. ज्या पायऱ्यांवरून, पुलांवरून आणि शिड्यांवरून आपण तिथवर पोचलो, त्यांचा फोटो सहसा कोणी काढत नाही.

या लेखात मी त्या शिड्यांचीच गोष्ट सांगणार आहे. मी काही इतिहासकार नाही. कॉम्प्युटर इंजिनियर आहे, आणि पोटापाण्यासाठी लोकांच्या जुन्या सिस्टिम्स सांभाळतो. या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. "इतकी वर्षं चाललंय ना, मग चालू दे" हे वाक्य ज्या सिस्टिमबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येतं, तीच सगळ्यात आधी तपासायला हवी असते. गुहेतल्या जुन्या शिडीचंही तसंच आहे. पण शिड्यांचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा लाकूड-लोखंडाच्या आधी एक वेगळाच प्रश्न समोर आला. "ही शिडी भरवशाची नाही, मी चढणार नाही," असं म्हणायचा अधिकार कोणाला होता?

सुरुवात मॅमथ केव्हपासून करू. आजवर मोजलेल्या गुहांमध्ये ही जगातली सगळ्यात लांब. नकाशावर आलेले तिचे रस्तेच ४२० मैलांहून जास्त भरतात. १८१२ साली अमेरिका आणि ब्रिटनचं युद्ध सुरू झालं, तेव्हा बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा याच गुहेतल्या मातीतून काढला जात होता. माती खणणारे, ती वाहून नेणारे आणि लाकडी हौदांत भिजवणारे बहुतेक लोक गुलाम होते. ते हौद आणि झाडाचे ओंडके पोखरून बनवलेले पाण्याचे नळ आजही टूरवर बघायला मिळतात. दोनशे वर्षांनंतरही लाकूड जागच्या जागी आहे. या गोष्टीकडे आपण पुढे परत येऊ, कारण ती फसवी आहे.

१८३८ साली फ्रँकलिन गोरिन नावाच्या वकिलाने ही गुहा विकत घेतली. पर्यटकांना गुहा दाखवून पैसे मिळवायचे, हा त्याचा विचार. या कामासाठी त्याने आपला एक गुलाम तिथे आणला. त्याचं नाव स्टीफन बिशप, वय साधारण सतरा. त्या वेळी गुहेतला माहीत असलेला रस्ता एका खोल खड्ड्यापाशी संपत असे. त्याला 'बॉटमलेस पिट' म्हणत, म्हणजे तळ नसलेला खड्डा. त्याला तळ आहे, आणि तो सुमारे १०५ फुटांवर आहे, हे नंतर कळलं. तेलाच्या दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात मात्र तो खरोखरच अथांग दिसत असणार. त्याच वर्षी स्टीफनने एका पर्यटकाला बरोबर घेऊन या खड्ड्यावर शिडी आडवी टाकली आणि तो पलीकडे गेला.

क्षणभर हे चित्र डोळ्यांसमोर आणा. चढायला बनवलेली शिडी पूल म्हणून आडवी टाकलेली. शिडी उभी असते तेव्हा वजन तिच्या उभ्या दांड्यांतून सरळ खाली जमिनीत जातं. तीच आडवी टाकली, की सगळं वजन तिला मधोमध वाकवू लागतं. कमरेला दोर नाही, खाली जाळी नाही. स्टीफन पलीकडे पोचला, आणि त्या वाटेनेच पुढे गुहेतली नदी सापडली. तिच्यात राहणारे डोळे नसलेले मासे पुढे साऱ्या जगात प्रसिद्ध झाले. खड्ड्यावर लाकडी पूल आला, आणि पर्यटकांची रांग लागली.

स्टीफनचं धाडस खरंच मोठं होतं. पण पलीकडे जायचं त्याच्या मनात नसतं, तर? पर्यटकाला "साहेब, आज नको" असं एक वेळ तो म्हणू शकला असेल. मालकाला? १८३९ मध्ये लुईव्हिलच्या डॉ. जॉन क्रोगन यांनी गुहा विकत घेतली, तेव्हा त्या व्यवहारात गुहेबरोबर स्टीफनही विकला गेला. १८४२ साली त्याने नुसत्या स्मरणावर गुहेचा नकाशा काढला. १८४५ साली तो एका पुस्तकात छापला गेला, आणि नकाशाचं श्रेय त्याच्या नावावर दिलं गेलं. गुलामाच्या नावावर असं श्रेय मिळणं ही त्या काळात अगदी दुर्मीळ गोष्ट. क्रोगन १८४९ साली वारले. त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणे स्टीफनला स्वातंत्र्य मिळालं १८५६ मध्ये, आणि १८५७ मध्ये तो गेला. जेमतेम एक वर्ष तो स्वतःच्या मर्जीने "नाही" म्हणू शकणारा माणूस होता. त्याच्याबरोबर मॅट आणि निक ब्रॅन्सफर्ड हेही गुलाम वाटाडे होते. गुहेचे मोठमोठे भाग जगासमोर आले ते या लोकांच्या हातापायांनी. नवी शिडी आधी त्यांनी चढून बघायची, ती टिकली की मागून पाहुणे चढणार, हीच त्या काळची टेस्टिंगची पद्धत होती.

आता इथून हजारभर मैल पश्चिमेला आणि साठ वर्षं पुढे जाऊ. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात जिम व्हाइट नावाचा एक तरुण गुराखी होता. संध्याकाळी जमिनीतून धुराच्या लोटासारखी वटवाघळं बाहेर पडताना त्याला दिसली. हे साल साधारण १८९८. तो परत आला तेव्हा त्याने दोर, कुंपणाची तार आणि आजूबाजूच्या झुडपांच्या काठ्या घेऊन जागेवरच शिडी बनवली आणि खाली उतरला. आज आपण जिला कार्ल्सबॅड कॅव्हर्न्स म्हणतो ती हीच गुहा. जिम व्हाइटवर कोणाची सक्ती नव्हती. शिडी त्याची, जीवही त्याचा, आणि निर्णयही त्याचाच.

पण लवकरच गुहेत धंदा आला. वटवाघळांची विष्ठा हे उत्तम खत. शतकाच्या सुरुवातीपासून पुढची वीसेक वर्षं ते खणून पोत्यांत भरून बाहेर काढलं जाई. पोती वर ओढण्यासाठी एक भलीमोठी लोखंडी बादली होती, आणि मजूरही त्याच बादलीत उभे राहून सुमारे १७० फूट खाली-वर करत. धुळीने भरलेल्या त्या अंधारात ही बादली त्यांच्यासाठी रोजचीच होती. पुढे रे डेव्हिस या फोटोग्राफरचे फोटो गावात झळकले, आणि शहरातली मंडळी गुहा बघायला येऊ लागली. त्यांनाही सुरुवातीला याच बादलीतून खाली जावं लागे, एका वेळी दोघं. ऑक्टोबर १९२३ मध्ये सरकारने या जागेला राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं. १९२४ मध्ये नॅशनल जिओग्राफिक सोसायटीची मोहीम आली, आणि तिची वर्णनं देशभर वाचली गेली. १९२५ मध्ये लाकडी जिना बांधला गेला, आणि बादली कायमची थांबली. १९३२ च्या सुरुवातीला तर लिफ्टच आली, साडेसातशे फूट खाली नेणारी.

आता या तारखा जरा एकापुढे एक मांडून बघा. मजुरांनी त्या बादलीतून वीसेक वर्षं ये-जा केली, तेव्हा जिना बांधावा असं कोणालाही वाटलं नाही. पर्यटक येऊ लागल्यावर मात्र थोड्याच वर्षांत जिना झाला. लाकूड तेच, सुतार तेच, गुहाही तीच. जिना बांधायचं ज्ञान १९०५ सालीही होतं. फरक एवढाच, की पर्यटक बादली बघून "आम्ही नाही येत" असं म्हणून मोटारीत बसून परत जाऊ शकत होता. तो परत गेला तर नुकसान गुहा दाखवणाऱ्याचं. मजूर परत गेला तर नुकसान मजुराचं.

शिडी सुरक्षित करणं म्हणजे चांगलं लोखंड वापरणं, असं मलाही वाटायचं. चांगलं लोखंड लागतंच. पण चांगलं लोखंड कधी वापरलं जातं, तर चढणाऱ्याचा नकार कोणालातरी परवडत नाही तेव्हा!

आता थोडं लाकूड-लोखंडाबद्दल, कारण इथे आपले डोळे आपल्याला फसवतात. मॅमथ केव्हमधले १८१२ च्या सुमाराचे हौद अजून उभे आहेत ते तिथली हवा तुलनेने कोरडी आहे आणि तापमान बारा महिने ५४ अंश फॅरनहाइटच्या आसपास असतं म्हणून. ऑस्ट्रियात हालश्टाट इथल्या मिठाच्या खाणीत तर २००३ साली एक लाकडी जिनाच सापडला. त्याची झाडं इ.स.पूर्व १३४४ च्या सुमारास तोडली गेली होती, हे लाकडातल्या वर्षवलयांवरून ठरवता आलं. तीन हजारांहून जास्त वर्षं तो मिठामुळे टिकला. पण म्हणून "गुहेत लाकूड टिकतं" असा नियम नाही. त्याच मॅमथ केव्हमध्ये जिथे वरून सतत पाणी ठिबकतं, अशा उभ्या विवरांत लाकडाला बुरशी लागते आणि ते आतून पोकळ होतं. वरून रंग तसाच, हाताला घट्ट लागतं, आणि एक दिवस पाय आत जातो. शिडीचं वय विचारून काही कळत नाही. ती वर्षं तिने कुठे काढली, हे विचारायला हवं.

लोखंडाचंही तेच. गंज नेहमी जिथे आपण बघत नाही तिथे आधी लागतो. पायरी आणि उभा दांडा जिथे जोडलेले असतात त्या फटीत, बोल्ट जिथे खडकात शिरतो त्या भोकात, आणि शिडीचा पाय जिथे चिखलात रुततो तिथे. सह्याद्रीत रतनगडाच्या लोखंडी शिड्या ज्यांनी चढल्या आहेत त्यांना माहीत आहे, पायऱ्या शाबूत असतात पण लक्ष जातं ते शिडी खडकाला कुठे बांधली आहे तिथेच. गुहेत यात आणखी भर पडते. हवेत ओल जवळपास शंभर टक्के, ऊन नाही, वारा नाही, त्यामुळे ओलं झालेलं सुकतच नाही. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून ओले राहिले, समजा ॲल्युमिनियमच्या शिडीला स्टीलचा बोल्ट, तर त्यांच्यात बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि एक धातू दुसऱ्यापायी झिजत जातो. गुहा शोधणाऱ्या हौशी लोकांसाठी फ्रान्सच्या रॉबेर द जोली यांनी १९३० च्या सुमारास बारीक तार आणि हलक्या मिश्रधातूच्या पायऱ्यांची शिडी लोकप्रिय केली. गुंडाळून खांद्यावर टाकता येणारी ही शिडी पुढे अनेक दशकं वापरात राहिली. तिचं दुखणं हेच, की तार पायरीच्या आतून जाते तिथेच ती गंजते, आणि नेमकी तीच जागा बाहेरून दिसत नाही.

मग सगळीकडे जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड का नको? तर त्यातून सुटणारं जस्त पाण्यात उतरतं आणि गुहेतल्या नाजूक जीवांना विषारी ठरतं. कीड लागू नये म्हणून औषध लावलेलं लाकूड वापरलं, तर ते औषधही पाण्यात उतरतं. साधं लाकूड ठेवलं, तर ते कुजताना बाहेरच्या किड्यांना आणि बुरशीला आयतं अन्न मिळतं. म्हणून आता गुहांमध्ये स्टेनलेस स्टील किंवा फायबरग्लास जास्त पसंत केलं जातं. महाग पडतं, पण माणूस आणि बिनडोळ्यांचा मासा दोघंही सुखरूप राहतात.

नियमांचीही गंमत बघा. अमेरिकेत कामाच्या जागेवरच्या सुरक्षेचा कायदा १९७० साली झाला, आणि त्याखाली ओशा ही संस्था आली. तिच्या जुन्या नियमाप्रमाणे वीस फुटांपेक्षा उंच पक्क्या शिडीभोवती पिंजरा हवा, म्हणजे ती गोल कड्यांची जाळी, जी आपण पाण्याच्या टाक्यांवर बघतो. चढणाऱ्याला त्या पिंजऱ्यात कसं सुरक्षित वाटतं! पण हात सुटलेला माणूस पिंजऱ्यात अडकून थांबत नाही. तो कड्यांवर आपटत खाली जातो. २०१६ च्या नव्या नियमाने हे मान्य केलं. चोवीस फुटांहून उंच नव्या शिड्यांना नुसता पिंजरा पुरणार नाही, पट्टा आणि पडणाऱ्याला धरून ठेवणारी यंत्रणा हवी, असं ठरलं, आणि जुन्या शिड्या बदलायला २०३६ पर्यंतची मुदत त्या नियमात दिली गेली. चाळीसहून जास्त वर्षं जी गोष्ट सुरक्षिततेची खूण होती, ती बरीचशी मनाची समजूत निघाली.

हे नियम नोकरी करणाऱ्यांसाठी आहेत, पर्यटकांसाठी नाहीत. पण गुहेत आपल्यापुढे टॉर्च घेऊन चालणारा गाइड हा नोकरच असतो, आणि एक निकाल त्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. १९७४ साली ओहायोतल्या मॅरियन गावी एका कारखान्यात जमिनीपासून वीसेक फुटांवर टांगलेल्या तारेच्या जाळीवर चढून काम करावं लागे. त्या जाळीतून पडून जूनमध्ये एक कामगार दगावला. जुलैमध्ये दोन कामगारांना पुन्हा त्या जाळीवर जायला सांगितलं, तेव्हा त्यांनी नकार दिला. त्यांना घरी पाठवलं गेलं, उरलेल्या सहा तासांचा पगार कापला, आणि लेखी ताकीद मिळाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. व्हर्लपूल विरुद्ध मार्शल या खटल्यात १९८० साली न्यायालयाने एकमताने सांगितलं, की जिवाला खराखुरा धोका समोर दिसत असेल आणि दुसरा मार्ग उरला नसेल, तर कामगार ते काम नाकारू शकतो, आणि त्यासाठी त्याला शिक्षा करता येणार नाही.

१८३८ मध्ये स्टीफन बिशप शिडीवर चढला, आणि १९८० मध्ये दोन कामगारांचा "नाही" कायद्याने मान्य झाला. मधे १४२ वर्षं गेली.

या अधिकाराची दुसरी बाजू म्हणजे जागा बंद करण्याचा अधिकार. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये कार्ल्सबॅडच्या लिफ्टमध्ये मोठा बिघाड झाला, आणि पार्कने लिफ्ट बंद केली. पुढचे कित्येक महिने पर्यटकांना नैसर्गिक तोंडातून सव्वा मैल उतरून जावं लागलं, आणि तेवढंच चढून परत यावं लागलं. दुरून आलेल्यांची, विशेषतः गुडघे दुखणाऱ्यांची, निराशा झाली असणारच. पण कोणीतरी कागदावर सही करून "बंद" म्हणू शकलं, आणि ते ऐकलं गेलं.

जुन्या शिड्यांचं काय करायचं, हा प्रश्न मग उरतोच. सगळ्या काढून टाकल्या तर इतिहास जातो, ठेवल्या तर कोणीतरी त्यावर चढतंच. कार्ल्सबॅडमध्ये १९२४ च्या मोहिमेची तारेची शिडी जिथे वापरली गेली तिथेच लटकत ठेवली आहे. ती फक्त बघायची, हात लावायचा नाही. मॅमथ केव्हमध्ये पूर्वी 'कॉर्कस्क्रू' नावाच्या अरुंद वाटेने शिड्या चढत, खडकांतून वळसे घेत वर यावं लागे. आता पर्यटक मॅमथ डोमच्या पोलादी मनोऱ्यातल्या १५५ पायऱ्या चढतात. बॉटमलेस पिटवरही पोलादी पूल आहे, कठड्यासकट. जुनं बघायला ठेवायचं आणि पाय मात्र नव्यावर ठेवायचा, हा मार्ग मला तरी पटतो. अर्थात त्याला पैसा लागतो, आणि दरवर्षी बोल्ट ठोकून बघणारा माणूस लागतो. बजेट कापायची वेळ आली की पहिली कुऱ्हाड त्याच्यावर पडते, कारण त्याचं काम नीट झालं तर काहीच घडत नाही. हा अनुभव आमच्या धंद्यातल्या सपोर्टच्या मंडळींना नवीन नाही.

आता आपल्यापुरतं. पुढच्या सहलीत टूर बुक करताना त्यात किती पायऱ्या आणि किती शिड्या आहेत ते आधी वाचा. पार्कच्या माहितीत ते लिहिलेलं असतं. न्यू मेक्सिकोतच बँडेलियरला अल्कोव्ह हाउस नावाची कपार आहे. ती जमिनीपासून १४० फूट उंच, आणि वर जायला चार लाकडी शिड्या आणि दगडी पायऱ्या. तिथे खालीच थांबणं हाही पर्याय आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. शिडी चढताना तोंड शिडीकडे, दोन हात आणि दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले, आणि एका शिडीवर एका वेळी एकच माणूस. कॅमेरा गळ्यात नको, सॅकमध्ये. मुलांना चप्पल घालून नेऊ नका.

आणि आई, बाबा किंवा दहा वर्षांची लेक शिडीपाशी थबकून "मला नको वाटतंय" म्हणाली, तर "अहो, एवढ्या लांब आलोय, चला की!" असा आग्रह करू नका. मागची रांग खोळंबली तर खोळंबू दे. गाइडने एखादी वाट बंद आहे म्हणून सांगितलं तर तिकिटाच्या पैशांवरून हुज्जत घालण्याआधी, ती वाट कोणी तपासली आणि कोणी बंद केली, एवढं त्याला विचारून बघा. बहुतेक गाइड उत्साहाने सांगतात. मॅमथ केव्हला गेलात तर बॉटमलेस पिटच्या पुलावर मुलांना कठडा धरून खाली बघायला सांगा, आणि त्याच जागेवर सतरा वर्षांच्या एका मुलाने शिडी आडवी टाकली होती हेही सांगा. त्याचं नाव स्टीफन बिशप होतं.